दोराखाली चिंध्या

रुक्मिणीबाई गायकवाड विहिरीच्या पायरीवरून घसरल्याची बातमी मुलुंडच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत दुपारपर्यंत पोचली, आणि मिठागरात त्याच्याही आधी. १९५४ साल होतं. उपासनेचं मंदिर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. मागे विहीर, आणि विहिरीला लागून बाईंची एकपाखी खोली. पायरीला शेवाळ धरलं होतं. रोज त्या ते विटकरीने घासायच्या, त्या दिवशी राहून गेलं होतं.

रुक्मिणीबाई मंडळीच्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, दुखल्याखुपल्याला धावायचं, हे त्यांचं काम. नवरा गेल्यावर त्या नगरकडून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. रोज सकाळी छत्री आणि पिशवी घेऊन त्या रेल्वेचं फाटक ओलांडायच्या आणि पूर्वेच्या मिठागरांत जायच्या. तिथे आगरी बायका डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायच्या. खाऱ्या पाण्याने त्यांच्या टाचा भेगाळून रक्त यायचं. बाई बांधावर बसून त्यांच्या पायांना मलम लावायच्या, पोरांचे डोळे धुवायच्या, पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायच्या. मग प्रभूची एखादी गोष्ट सांगायच्या. कुणी ऐकली तर ठीक. नाही ऐकली तर त्या म्हणायच्या, "मलम तरी लागलं ना!"

त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात कित्येक आठवडे पायाला वजनं बांधून ठेवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता बसता येईल, चालणं मात्र विसरा. बाई खोलीत परत आल्या त्या चौघांनी उचललेल्या खाटेवरून. मान भिंतीकडे वळवलेली होती.

मंडळीने काही कमी केलं असं नाही. पंचांचे प्रमुख भास्करराव साळवे फोर्टात कचेरीत होते, मनाचे मोठे आणि आवाजाचेही. त्यांनी घराघराची पाळी लावून दिली. रोज एका घरून डबा. अंथरुणातली सेवा करायला मात्र रोज एक माणूस हवं. तेव्हा सगळ्यांच्या नजरा सुगंधा उजागरेकडे वळल्या.

सुगंधा तिशीची. नवरा शांतवन भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. त्यांना मूलबाळ नव्हतं. साळवेबाई सहज म्हणून गेल्या, "सुगंधालाच सांगा. तिला काय, घरी रिकामीच असते." बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण सुगंधाच्या मनात तो शब्द रुतला. तिने नुसती मान हलवली.

पहिल्या दिवशी ती बादलीत गरम पाणी घेऊन गेली. टॉवेल, साबण, धुतलेलं पातळ, सगळं नीट हाताशी ठेवलं.

"बाई, अंग पुसून देते."

"ठेव तिथे. माझं मी बघेन."

"तुम्हाला वळता येत नाही बाई. मी..."

"हात लावू नकोस मला!" रुक्मिणीबाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेर विहिरीवरची बाई थबकली. "तीस वर्षं मी लोकांची गुवामुताची लुगडी धुतली. माझी कुणी धुवायची नाहीत. जा तू."

सुगंधा विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन रडली. थोड्या वेळाने परत आत गेली, पाणी खाटेजवळ सरकवलं आणि दाराबाहेर पाठ करून बसली. आतून बराच वेळ धडपड ऐकू येत होती. बादली कलंडली. बाईंनी हाक मारली नाही. तिनेही आत जायचं धाडस केलं नाही. ओली जमीन पुसायची वेळ आली तेव्हा दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या.

डब्यांचंही तसंच झालं. रोज कुणीतरी डबा घेऊन यायचं, उशाशी उभं राहायचं, खोलीभर बघायचं. "अरेरे, काय बाई होत्या, आणि काय वेळ आली!" असं दाराबाहेर जाताना म्हणायचं, पण बाईंच्या कानावर पडेल एवढ्या जोरात. कुणी लांबलचक प्रार्थना करायचं, आणि तिच्यात बाईंचं सगळं दुखणं देवाला पुन्हा समजावून सांगायचं. रविवारी उपासना संपली की साळवे उभे राहून वाचायचे: या आठवड्यात आपल्या अपंग भगिनीला अमुक घराने अन्न पुरवलं, तमुक घराने दूध. मंदिराची भिंत आणि बाईंची खोली यांत हातभराचं अंतर. बाईंना शब्दन् शब्द ऐकू यायचा.

त्यांचं जेवण कमी होत गेलं. डबे अर्धे परत जायला लागले. "उपास आहे," त्या म्हणायच्या. गालांची हाडं वर आली. एक दिवस त्यांनी पाळकांना बोलावून घेतलं.

पाळक आढाव तरुण होते, मंडळीत येऊन दोनच वर्षं झालेली.

"पाळकसाहेब, मला नगरला पाठवा. तिथे म्हाताऱ्या विधवांसाठी आश्रम आहे. तिथे एका कोपऱ्यात पडून राहीन. इथे मंडळीला भार नको."

"भार कुणी म्हटलं बाई?"

"म्हणायला कशाला हवं? दर रविवारी वाचून दाखवतात की."

पंचांत विषय निघाला तेव्हा साळव्यांनाही वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "त्यांचीच इच्छा असेल तर आपण आडवं यायचं नाही. नाताळ झाला की नगरला पोचवून येऊ."

रुक्मिणीबाई रविवारी मुलांची शब्बाथ शाळाही घ्यायच्या. ती बंद पडली होती. पाळकांनी सुगंधाला गाठलं. "येत्या रविवारी तुम्ही घ्या. धडा आहे यिर्मयाचा, त्याला विहिरीत टाकलं तो."

"मला नाही जमायचं साहेब. मी कधी बोलले नाही."

"रुक्मिणीबाईंना विचारा. त्या सांगतील."

सुगंधा भीतभीतच गेली. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. तिने विचारलं, "बाई, यिर्मयाची गोष्ट मुलांना कशी सांगायची?"

बाईंनी डोळे उघडले. बऱ्याच दिवसांत कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. जो तो काही ना काही द्यायलाच आला होता.

"कुठून सुरू करणार आहेस?"

"यिर्मया देवाचा संदेष्टा होता..."

"छे! पोरं झोपतील. चिखलापासून सुरू कर." बाई कोपरावर रेटून थोड्या वर सरकल्या. "विहिरीत पाणी नव्हतं, नुसता चिखल. त्यात म्हातारा संदेष्टा रुतत चाललेला. खरं बोलला म्हणून सरदारांनी टाकलेला. मेला असता तर कुणी विचारलं नसतं. पण राजवाड्यात एक चाकर होता, कूश देशाचा, परका माणूस. एबद-मलेख त्याचं नाव. हे नाव पोरांकडून तीनदा म्हणून घे, कारण लोकं ते विसरतात. तो धीटपणे राजाकडे गेला, म्हणाला, महाराज, हे वाईट झालं. राजाने माणसं दिली, दोर दिले. आता खरी गंमत इथे आहे. ऐकतेयस ना?"

"हो बाई."

"नुसता दोर सोडून त्याला वर ओढता आलं असतं. पण तो आधी राजवाड्याच्या खालच्या खोलीत गेला. जुन्या चिंध्या, फाटकी धडुती शोधून काढली. ती खाली सोडली आणि वरून हाक मारली, बाबा, या चिंध्या आधी काखेत घे आणि मग वर दोर लाव. का?"

"दोर रुतू नये म्हणून."

"रुतू नये म्हणून! दोर सोडणारे पुष्कळ भेटतात गं. चिंध्या शोधायला थांबतो तो एखादाच."

एवढं बोलून बाई दमल्या. त्यांचे डोळे मात्र पूर्वीसारखे चमकत होते. सुगंधा त्या डोळ्यांकडे बघत राहिली. तिने आभार मानले आणि उठली. दारातून बाहेर पडताना उंबऱ्याजवळ ठेवलेला अर्धा भरलेला डबा तिला दिसला आणि ती तिथेच थांबली.

संध्याकाळी शांतवन कामावरून आला तेव्हा ती चूल पेटवायची विसरून बसली होती.

"अगं, बरं नाही का?"

"अहो, आपण सगळे बाईंना नुसत्या दोराने ओढतोय," ती म्हणाली. शांतवनला काहीच कळलं नाही. तिने सगळी गोष्ट सांगितली. तो हात धुता धुता ऐकत होता.

"मग आता चिंध्या कुठून आणणार?"

"तेच तर बघतेय."

"साळवे भाऊंशी बोलावं लागेल तुला."

"तुम्ही बोला ना."

"मी बोललो तर ते पंचांचं भांडण होईल. तू बोल."

दुसऱ्या दिवशी ती साळव्यांच्या घरी गेली. सलाम करून दाराशीच उभी राहिली. साळव्यांनी बसायला सांगितलं तरी तिला बसवेना. एका दमात ती म्हणाली, "भाऊ, रविवारी नावं वाचू नका. आणि डबेही बंद करा."

साळव्यांचा चेहरा उतरला. "सुगंधाबाई, आम्ही काय कमी केलं? माझी बायको पहाटे उठून त्यांच्यासाठी भाकऱ्या थापते."

"मला माहीत आहे भाऊ. भाकरी चांगलीच असते. पण बाईंच्या घशाखाली ती उतरत नाही. उद्या तुमचे हातपाय गेले आणि तुम्ही भिंतीपलीकडून तुमचंच नाव ऐकलं तर..." तिने पदर सावरला. "मला नीट बोलता येत नाही. माफ करा."

साळवे मग हळूच म्हणाले, "नावं वाचली म्हणजे बाकीच्यांनाही हुरूप येतो, असं वाटायचं मला. डबे बंद करून त्या खाणार काय पण?"

"शिधा द्या. आम्ही दोघीतिघी त्यांच्या खोलीतच रांधू. त्या सांगतील तसं. आणि आम्हीही तिथेच जेवू."

अशा रीतीने बाईंच्या खोलीत चूल पेटली. सुरुवात काही झकास झाली नाही. पहिल्याच दिवशी साळवेबाई आणि आणखी एकजण आमटीच्या फोडणीवरून भांडल्या, आमटी खारट झाली आणि रुक्मिणीबाई खाटेवरून कडाडल्या, "मिठागरातून आणलीत का सगळी? पाणी घाला! बटाटा टाका तिच्यात!" साळवेबाईंना राग यायला हवा होता, पण त्या हसायला लागल्या. चौघी मिळून जेवल्या. बाईंनी एक अख्खी भाकरी खाल्ली. कुणी त्यावर काही बोललं नाही. बोलायचं नाही, असं सुगंधाने सगळ्यांना आधीच बजावलं होतं.

अंघोळीचा प्रश्न मात्र तसाच होता. बाई अजून कुणाला हात लावू देत नव्हत्या आणि पाठीला फोड यायला लागले होते. सुगंधाला त्याचीच काळजी. शेवटी एके सकाळी ती एकटीच फाटक ओलांडून मिठागरांकडे गेली. या बाजूला ती पूर्वी कधी आली नव्हती. उन्हात मिठाचे ढीग डोळ्यांवर येत होते. बांधावर बायका पाट्या रित्या करत होत्या. तिने बाईंचं नाव घेताच सगळ्या गोळा झाल्या.

"बाय जिती हाय?" एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली. तिचं नाव अंजनाबाई. "आमाला कोनी सांगला, बाय गेली नगरला."

"अजून नाही गेल्या. तुम्ही कुणी भेटायला का नाही आलात?"

"तुमच्या देवलान आमी कशा येनार? कोनी हाटकला तर?"

"कुणी हटकणार नाही. चला माझ्याबरोबर."

अंजनाबाई तशीच निघाली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायांवर सुकलेल्या मिठाची पांढरी पुटं. खोलीत शिरल्या शिरल्या तिने वास घेतला, बाईंकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि सगळं ओळखलं.

"सुगंधा, पानी ऊन कर."

"अंजना, मला नको..." रुक्मिणीबाई म्हणायला लागल्या.

"काय नको? माजे बालंतपनाला सुईन आली नवती. तवा तूच व्हतीस ना? माजा समदा बगितलास, समदा धुतलास. मी लाजले तुला? मंग तू कशाला लाजतंस मना? का तू मोटी न् मी बारकी?"

रुक्मिणीबाईंनी अंजनाबाईकडे बघितलं, मग सुगंधाकडे.

"मोठी-बारकी नाही गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला फक्त द्यायची सवय. घ्यायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही."

"मंग शीक आता. मी नाय शिकले क ख ग या वयान?"

बाईंना हसू आलं आणि रडूही. अंजनाबाईने दोन्ही हात त्यांच्या काखेखाली घालून त्यांना अलगद उठवून बसवलं. बोटं रुतू नयेत म्हणून तिने ती आत दुमडून घेतली होती, पाटी उचलायच्या सवयीने असेल. सुगंधाने पाठीवरून कोमट पाणी सोडलं. फोडांना तेल लावलं. रुक्मिणीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि या वेळी मान भिंतीकडे वळवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुगंधाच्या हाताला विरोध झाला नाही. ती आधी विचारायची, "बाई, आता पाठ वळवू का?" त्या "हं" म्हणाल्याशिवाय ती हात लावायची नाही. तोंड आणि हात त्या स्वतः धुवायच्या, तेवढं त्यांच्याकडेच ठेवलं होतं.

येणारी अंजनाबाई एकटी राहिली नाही. कामाला खाडा असेल त्या दिवशी आणखी बायका तिच्याबरोबर यायला लागल्या. कुणी सुकट आणायची, कुणी चिंबोऱ्या. पाट्या आणि पेन्सिली निघाल्या. खाटेभोवती बायका बसायच्या आणि बाई उशीला टेकून त्यांना अक्षरं सांगायच्या. त्यांचा आवाज मंदिरापर्यंत जायचा. मंडळीतल्या दोघीचौघींना पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं, एवढ्या परक्या बायका मंदिराच्या आवारात! पण साळवेच एक दिवस रविवारच्या कपड्यांत दाराशी आले आणि म्हणाले, "बाई, खोली लहान पडते. दुपारी मंदिर रिकामंच असतं. तिथे घ्या वर्ग."

"मला तिथवर नेणार कोण?" बाई म्हणाल्या.

हे शांतवनने सुगंधाकडून ऐकलं. त्याने कारखान्यातल्या सुताराशी दोस्ती केली. मोडीतली दोन चाकं मिळाली, पुढे दोन छोटी, आणि मध्ये वेताची खुर्ची. रोज सुटीनंतर तो तीवर खटपट करत बसायचा. पहिल्यांदा चालवली तेव्हा ती डावीकडेच जायला लागली आणि शांतवनच तीतून बोरीच्या झुडपात कोसळला. सुगंधा पोट धरून हसली. लग्नानंतर ती एवढी कधी हसली होती, त्याला आठवेना. चाक पुन्हा बसवलं. मग ती सरळ चालायला लागली.

नाताळाच्या आधीच्या रविवारी रुक्मिणीबाईंना खुर्चीत बसवून मंदिरात आणलं. साळव्यांनी पहिल्या रांगेत जागा केली होती, वर फुलांची माळही लावली होती.

"ही कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यासाठी, बाई."

"भास्करराव, मी काय नवरी आहे? मला दाराशी ठेवा. येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करीन. पुस्तकं हातात देईन. तेवढं मला बसूनही येतं."

साळवे आधी गोंधळले, मग त्यांनीच खुर्ची वळवली आणि दाराच्या उजव्या बाजूला नेऊन लावली. लोक येत गेले. बाई एकेकाच्या हातात गीतांचं पुस्तक देत होत्या, नाव घेऊन चौकशी करत होत्या. कुणाच्या सासूचा खोकला, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं लग्न. खाटेवर पडल्या पडल्याही त्यांनी सगळ्यांची दुखणी लक्षात ठेवली होती. पाळक आढावांनी व्यासपीठावरून ते बघितलं आणि त्यांना पहिलं गीत सुरू करायला थोडा उशीर झाला.

त्या दिवशीही साळव्यांनी कुणाचीच नावं वाचली नाहीत.

नाताळ झाला. नगरला पोचवायचं ठरलेलं होतं, त्याबद्दल कुणी विचारलंच नाही. पाळक एकदा बोलता बोलता म्हणाले, "बाई, तो आश्रमाचा विषय?"

"कोणता आश्रम?" रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि पाटीवरची अक्षरं तपासायला लागल्या.

मिठागरातलं काम सुगंधाकडे आलं. पंचांनी तिला तसं रीतसर सांगितलं, पण त्याआधीच तिने ते उचललं होतं. छत्री, पिशवी आणि मलमाची डबी घेऊन ती रोज सकाळी फाटक ओलांडायची. सुरुवातीला तिचा आवाज बांधावरच्या वाऱ्यात विरून जायचा. अंजनाबाई ओरडून सांगायची, "मोट्याने बोल! बायसारकी!" हळूहळू आवाज मोठा झाला. गोष्ट कुणी ऐकायचं, कुणी नाही. टाचांना मात्र मलम लागायचं.

दुपारी ती थेट रुक्मिणीबाईंकडे यायची. बाई खुर्ची दारात लावून वाटच बघत असायच्या. चहाचं आधण ठेवलेलं असायचं. चुलीपर्यंत हात पोचेल अशी खुर्चीची जागा त्यांनी स्वतःच शोधून काढली होती.

"बस. आता सांग. अंजनाच्या सुनेचा ताप उतरला?"

"उतरला बाई."

"आणि ती नवी पोरगी, कालपरवा आलेली? तिच्या पायाला पट्टी बांधलीस?"

"बांधली. तिने आज 'अ' काढला. उलटा काढला, पण काढला."

"उलटा तर उलटा! उद्या सुलटा होईल. बोलली काही?"

"म्हणाली, तुमचा तो चिखलात रुतलेला बाबा वर आला का शेवटी?"

रुक्मिणीबाई खुर्चीत मागे टेकून खळखळून हसल्या. "मग? काय सांगितलंस?"

सुगंधाने चप्पल काढली, भिंतीला टेकून पाय पसरले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, कोण कुठे बसलं होतं, कुणी मध्येच उठून पाटी भरली, कुणी डोळे पुसले. बाई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. बाहेर विहिरीवर रहाट वाजत होता. दोघींचा चहा कपातच निवत चालला होता आणि दोघींपैकी कुणालाही घाई नव्हती.